मालतीवहिनींच्या वाटणीच्या नेवऱ्या

"माफ करणं हे फादरचं काम. त्यांचं शिक्षणच त्यातलं. माझं काम लक्षात ठेवणं," असं सिसिलबाय म्हणायची, आणि ते काम तिनं शेवटपर्यंत चोख केलं.

यंदाचा हा तिच्याशिवायचा पहिला नाताळ. परवा आमच्या गल्लीतली एक बाई मला थांबवून म्हणाली, "किती मायाळू होती हो सिसिलबाय! कधी कुणाबद्दल मनात काही ठेवलं नाही." मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हटलं, "ठेवलं नाही? अहो, तिनं मनात जे ठेवलं होतं ते बाहेर काढलं असतं तर तुमच्या ओटीवर मावलं नसतं." बाई बघतच राहिली. पण मला हे सहनच होत नाही. माणूस गेलं रे गेलं की त्याला पाकात बुडवून ठेवायचं, ही काय मेली खोड! सिसिलबाय मायाळू होती, नाही कोण म्हणतंय? पण मायाळू माणसं काय, शोधली तर सापडतात. मन लावून, न विसरता आणि वर हसतमुखानं सूड घेणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलं. तिची ती बाजू लोकांनी पुसून टाकायच्या आत सांगून ठेवते.

आमची गल्ली म्हणजे रत्नागिरीच्या बाजारातून वर येणारा एक चढाव. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, गडग्याआड घरं, घरांमागे माड. मधल्या वळणावर सिसिलबायचं कौलारू घर, त्याच्या समोर माझं. ती मूळची वेंगुर्ल्याकडची. नर्स म्हणून इथे आली, एसटीतल्या एका माणसाशी लग्न केलं, तो लवकर गेला, मुलगा वसईला स्थायिक झाला आणि ही इथेच राहिली. एवढं चरित्र पुरे. उंच, हाडकुळी, घरात झगा, बाहेर पडताना साडी आणि पायात नोकरीतले पांढरे कॅनव्हासचे बूट. माझ्यापेक्षा चांगली वीस वर्षांनी मोठी, पण अहोजाहो केलेलं तिला खपायचं नाही. "मी काय तुझी सासू?" म्हणायची. म्हणून मी तिला अरेतुरेच करते, मेल्यावरसुद्धा.

एरवी ती आमच्यासारखीच मराठी बोलायची. पण रागावली की मालवणी सुरू. मालवणी ऐकू आली की गल्लीनं ओळखायचं, कुणाचं तरी आज काही खरं नाही.

तिचा एकच नियम होता. जे असेल ते तोंडावर बोलायचं. दिवाळीत माझ्या चकल्या चाखून ती सरळ म्हणाली होती, "नंदा, वातड झाल्यात. मोहन कमी पडलं." मला इतका राग आला की दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली, भाजणी मागितली, मोहन घालून माझ्या ओट्यावर चकल्या करून दाखवल्या आणि म्हणाली, "आता बोल." काय बोलणार कपाळ! वरच्या घरातल्या आबांनी तिला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "सिसिलबाई, तुमच्या नाताळच्या फराळाला आमच्याकडे अंड्याचा हात चालत नाही हो, रागावू नका." रागावते कसली! तिनं आबांसाठी वेगळी कढई आणली. दर वर्षी आधी आबांचं तळून व्हायचं, मग आमचं. आबांना ती फार मानायची. "मरद माणूस. नको तर नको म्हणाला," असं कौतुकानं सांगायची.

आणि खोटं बोलणाऱ्याला सोडायची नाही. बाजारातल्या एका मासेवालीनं तिला एकदा "आत्ताची गो बाय, आत्ताची" म्हणून शिळी पापलेटं गळ्यात मारली. झालं. दुसऱ्या दिवसापासून सिसिलबाय रोज तिच्यासमोर उभी. एकेक मासा उचलायचा, कल्ला उघडायचा, नाकाशी धरायचा, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं "नको" म्हणून पुढच्या टोपलीकडे जायचं. रोज म्हणजे रोज. पावसाळ्यात मासेमारी बंद असायची तेव्हा सुक्या बोंबलांना नाक लावायची. शेवटी ती मासेवाली जागा बदलून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. सिसिलबाय तिथे गेली.

नाताळातलं तिचं कॅरलचं प्रकरण तर मला अजून आठवलं की हसू येतं. चर्चमधली मंडळी डिसेंबरात घरोघर गाणी म्हणत जातात. सिसिलबाय वर्षानुवर्षं त्यात पुढे असायची. एका वर्षी नव्या पोरापोरींनी तिला सांगितलं, "आंटी, तुम्ही यंदा आराम करा." म्हणजे आवाज फाटलाय असं म्हणायचं होतं, पण म्हणायची हिंमत नाही. "आराम करा!" ती माझ्या दारात येऊन म्हणाली. "माका आराम करूक सांगतत!" मालवणी ऐकून मी गॅस बंद केला.

आठवड्याभरात तिनं स्वतःची टोळी उभी केली. एक ती, एक मी, आणि खालच्या वळणावरची झुलेखाभाभी. झुलेखाभाभीचा नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. घरात करमत नाही म्हणून ही दिवसभर सिसिलबायकडे. मी भजनी मंडळातली, त्यामुळे माझ्या हातात झांज. झुलेखाभाभी म्हणाली, "मी गायची नाय बाबा, आमच्यात बरा दिसणार नाय. पण मी डबा धरीन." चर्चची मंडळी संध्याकाळी निघायची, आम्ही दुपारी चारलाच निघालो. तीच घरं, तीच गाणी. सिसिलबायचा आवाज खरंच फाटला होता, माझी झांज आरतीच्या ठेक्यावर पडत होती, पण लोकांना इतकी मजा आली की केक, करंज्या, चिवडा, जे होतं ते झुलेखाभाभीच्या डब्यात. संध्याकाळी ती पोरं गेली तर प्रत्येक दारात एकच उत्तर: "अगो बाई, आत्ताच तर येऊन गेल्या! आता काय उरलं नाही हो." पुढल्या वर्षी दोन पोरं हात जोडून तिला बोलवायला आली. ती म्हणाली, "मी आराम करतेय." आणि आम्ही पुन्हा चारला निघालो.

अशी ही बाई. आता मुख्य गोष्टीकडे येते, नेवऱ्यांच्या.

नेवरी म्हणजे आपली करंजीच. तिच्यात आणि माझ्यात भांडण एवढंच की कुणाची कडा जास्त सुबक. डिसेंबर लागला की तिच्या घरात आम्हा तिघींचं बस्तान. गोठ्याच्या देखाव्यासाठी ती परातीत नाचणी रुजत घालायची, म्हणजे नाताळापर्यंत बाळ येशूच्या भोवती हिरवंगार गवत. झुलेखाभाभीकडून बेदाणे आणि खजूर, पावसहून माझ्या भावाच्या वाडीतले नारळ. मी लाट्या करायच्या, भाभीनं सारण भरायचं, कडा मुरडायचं काम सिसिलबायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. मग पंचवीस तारखेला सकाळी चर्चहून आली की प्रत्येक घरी एक ताट, वर पांढराशुभ्र रुमाल, आणि रुमालाच्या कोपऱ्यात तिनं भरलेली लाल चांदणी. ताट देताना ती दारात थांबायची नाही, "हॅपी ख्रिसमस, ताट सावकाश द्या," म्हणून पुढे. ताट रिकामं परत करायचं नाही ही आपली सगळ्यांचीच रीत. त्यामुळे दोन-चार दिवसांत ती ताटं शंकरपाळ्या, लाडू नाहीतर नुसती चमचाभर साखर घेऊन घरी यायची.

सगळ्यात मोठं ताट जायचं मालतीवहिनींकडे. गल्लीच्या वरच्या टोकाला त्यांचा बंगला. साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मालतीवहिनींना मी अहोजाहोच करते. लांबच्या माणसाला मान द्यावा. त्यांचं बोलणं इतकं गोड, इतकं गोड की बोलून झाल्यावर आपण हात धुवावेत. मालतीवहिनींच्या पहिल्या बाळंतपणात सिसिलबाय दवाखान्यात रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होती. त्या मायेपोटीच ते ताट मोठं. आणि ते परत देताना वहिनी दर वर्षी म्हणायच्या, "काय हो हात तुमचा, सिसिलबाई! तोंडात टाकताच विरघळतात. आमचे हे तर कुणाला देतच नाहीत!" सिसिलबाय अशी फुलायची! कधी कुणाच्या स्तुतीला बळी न पडणारी बाई, पण मालतीवहिनींचं हे वाक्य ती घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवायची.

त्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशन नाताळानंतर करू म्हणून ती हट्टाला पेटली होती. शेवटचा घाणा राहिला होता. आम्ही दोघी घरी गेलो होतो, तिनं एकटीनंच सारण कालवलं. पिठीसाखरेचा डबा आणि लोणच्यासाठी भाजून दळून ठेवलेल्या मिठाचा डबा, दोन्ही सारखे, एका फळीवर. पुढचं सांगायला नको. त्या घाण्यातल्या नेवऱ्या मालतीवहिनींच्या ताटात भरल्या गेल्या आणि उरलेल्या चार घरात राहिल्या.

नाताळच्या संध्याकाळी आम्ही तिघी तिच्या ओटीवर चहा घेत होतो. सिसिलबायनं नेवरी मोडून तोंडात टाकली आणि थू करून गडग्यावर थुंकली. मी चाखली. मीठ म्हणजे काय, समुद्राचं पाणी बरं! "या अल्ला," झुलेखाभाभी म्हणाली, "या कुणाला गेल्या?" सिसिलबायच्या तोंडचं पाणी पळालं. "मालतीला!" बिचारीला रडूच फुटलं. सबंध वर्षाचा मान गेला म्हणाली. घाईघाईनं माझ्या वाट्याच्या चांगल्या नेवऱ्या ताटात काढल्या, रुमाल टाकला आणि ती बंगल्याकडे माफी मागायला धावली. आयुष्यात दुसऱ्याची माफी मागायला निघालेली सिसिलबाय मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

परत आली तेव्हा ताट तसंच होतं. पायरीवर बसली.

"काय बोलली?" भाभीनं विचारलं.

"मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली," सिसिलबाय म्हणाली. "सिसिलबाई, यंदाच्या नेवऱ्या म्हणजे अमृत! ह्यांनी दुपारीच पाच संपवल्या."

मला आधी कळेचना. मग एकदम कळलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे धुणीभांडी करणाऱ्या शेवंताला मीच गाठलं. ती आधी नाही नाही म्हणाली, मग बोलली. ताट आलं की ते मागच्या दारानं न्यायचं आणि माडाच्या आळ्यात रिकामं करायचं. दर वर्षी. सासूबाई होत्या तेव्हा त्यांचा हुकूम होता, ख्रिस्तांवाच्या घरचं घरात नको. सासूबाई गेल्या, त्यांची वर्षश्राद्धंही झाली, पण मालतीवहिनींचा हात काही मागच्या दाराकडे जायचा थांबला नाही.

हे मी सिसिलबायला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं आजही वाटत नाही. ती उभी होती, बसली. "माझ्यो नेवऱ्यो माडाक घातल्यान," म्हणाली. "नको होत्या तर माका तोंडार सांगूक व्हया होता. आबांनी नाय सांगल्यान? मी दुसरी कढई आणली असती गो तिच्यासाठी. दहा कढया आणल्या असत्या."

मी म्हटलं, "चल आत्ताच्या आत्ता. मी येते बरोबर. चारचौघांत तिचे वाभाडे काढू."

"नको," ती म्हणाली. "मी बोलले तर ती रडेल. रडली की माफी मागेल. माफी मागितली की मला द्यावी लागेल, फादर पाठच सोडायचे नाहीत. मला माफी नको. माका तिच्या तोंडातना 'खारट' ह्यो सबद ऐकूचो हा. एवढंच. एकदा तिनं माझी नेवरी खावी आणि खरं बोलावं."

पुढचं वर्षभर ती मालतीवहिनींशी इतकी गोड वागली की मला भीती वाटायला लागली. डिसेंबरात चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेली, ती हसत परत आली. "मी फादरना म्हटलं, पाप अजून केलेलं नाही, करायचंय. ते म्हणाले, मग करून झाल्यावर या."

त्या नाताळला तिनं गल्लीत सांगितलं, "यंदा ताटं नाहीत. माझे गुडघे दुखतात. सगळ्यांनी माझ्याकडे यायचं." चारच्या सुमाराला सगळी गल्ली तिच्या घरात. आबा आले, त्यांची वेगळी बशी. झुलेखाभाभीच्या जावा आल्या. मालतीवहिनी आल्या, मोरपंखी साडी, हातात मोगऱ्याचं अत्तर भेट म्हणून. सिसिलबायनं त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि आतून वेगळी बशी आणली. बशीत दोन नेवऱ्या. ते सारण तिनं स्वतः कालवलं होतं, डोळ्याचं ऑपरेशन होऊन नजर लख्ख झाल्यावर.

"खा मालती. तुझ्या हातात देते म्हणजे मला बरं वाटेल."

"अहो, मी घरी नेऊन सावकाश..."

"छे, इथेच. गरम आहेत."

मालतीवहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. मग नेवरीचा कोपरा मोडला. सिसिलबाय समोर स्टुलावर बसली, दोन्ही हात मांडीवर. मी दाराशी होते. वहिनींनी चावलं. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले, मग त्यात पाणी आलं. घशाखाली उतरायला वेळ लागला. मला वाटलं, आता. आता बोलणार.

"कशी झालीय?" सिसिलबायनं विचारलं.

"छान," मालतीवहिनी म्हणाल्या. "नेहमीसारखीच."

आणि त्यांनी ती अख्खी नेवरी खाल्ली. सिसिलबायनं दुसरी पुढे केली, तीही खाल्ली. पाणी मागितलं तर सिसिलबाय म्हणाली, "पाण्यानं चव जाते गो." खोटं कशाला बोलू, मला तेव्हा जी मजा आली ती आयुष्यात फार थोड्या वेळा आली असेल. पण सगळे गेल्यावर सिसिलबाय म्हणाली, "नाय बोलली." आणि तिचा चेहरा उतरला.

तेव्हापासून ती चाल पडून गेली. दर नाताळला चार वाजता गल्ली सिसिलबायकडे, मालतीवहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि त्यांच्या वाटणीच्या दोन नेवऱ्या. दोन-तीन वर्षांत सगळ्या गल्लीला कळलं त्या नेवऱ्यांत काय असतं ते. लोक तेवढंच बघायला यायचे. वहिनींनाही कळलं होतं की लोकांना कळलंय. तुम्ही म्हणाल, मग त्या येत कशाला? अहो, न येणं म्हणजे कबूल करणंच की! त्यापेक्षा मीठ परवडलं. येऊन बसायच्या, खायच्या, "छान" म्हणायच्या आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायच्या. शेवंताच सांगायची.

एकदा त्यांनी पळवाट काढली. नाताळ नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. "आज माझा उपास हो," म्हणाल्या, चेहऱ्यावर केवढं समाधान! सिसिलबायनं मान डोलावली. "उपास मोडू नये." संध्याकाळी वहिनींनी लक्ष्मीची पूजा केली, नैवेद्य दाखवला, पानावर बसल्या आणि पहिला घास उचलणार तोच दारात सिसिलबाय, हातात बशी. "उपास सुटला ना? मग ही आधी." शेवंता म्हणाली, साहेबसुद्धा तोंड फिरवून हसले.

आणि या सगळ्यात सिसिलबायचं नर्सपण चालूच. तिच्याकडे पाऱ्याचं बीपीचं जुनं यंत्र होतं. रविवारी चर्चहून आली की गल्लीतली म्हातारी माणसं ओटीवर रांगेनं. मालतीवहिनींचं बीपी वाढलेलं तिलाच पहिल्यांदा सापडलं. दंडावरचा पट्टा सोडवत ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "मालती, मीठ कमी कर हो." मला ठसका लागला, मी उठून आत गेले. मालतीवहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "करते." दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पण त्या वर्षीही सिसिलबायनं खारट नेवऱ्या दिल्याच. फक्त दोनाच्या जागी एक.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात सिसिलबाय न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण नंतर ती उठली नाही. वसईहून मुलगा आला, चल म्हणाला, ती म्हणाली, "नाताळ झाल्यावर." मुलाला ते औषधपाण्याचं काहीतरी वाटलं. आम्हाला दोघींना माहीत होतं ती कशासाठी थांबलीय. एक शब्द ऐकायचा राहिला होता.

तिचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत आणला. नाचणी मी रुजत घातली, नेवऱ्या मी आणि भाभीनं करायच्या, हुकूम पलंगावरून. कडा बघायला तिला एकेक नेवरी आणून दाखवावी लागायची आणि ती अर्ध्या परत पाठवायची. शेवटी मालतीवहिनींच्या वाटणीचं सारण राहिलं. मी मिठाचा डबा काढला आणि विचारलं, "किती घालू?"

"साखर घाल."

मला वाटलं औषधांची गुंगी असेल. "सिसिलबाय, हे मालतीवहिनींचं आहे."

"कळलं मला. गेल्या महिन्यात तिचं बीपी बघितलंस? मेली तर सूड कुणावर घेऊ? साखर घाल."

मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, इतकी वर्षं धरून ठेवलंस आणि आता टेकायला आलीस तर सोडतेस? ती बाई जिंकली मग! भाभी मला गप्प करत होती. सिसिलबाय म्हणाली, "नंदा, स्वयंपाकघर माझं आहे." मी साखर घातली. रागानं जास्तच घातली.

नाताळला चारला सगळे जमले. सिसिलबायला उशा लावून बसवलं, झग्यावर नवी शाल. मालतीवहिनी काठी टेकत आल्या. त्याही आता वाकल्या होत्या, साहेब वर्षापूर्वी गेले होते. त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि कुणी न सांगताच हात पुढे केला. मी बशी दिली, त्यांच्याकडे न बघता.

त्यांनी कोपरा मोडला. तोंडात घालण्याआधी जबडा घट्ट केला, डोळे बारीक केले, आम्ही दर वर्षी बघायचो तसं. चावलं. आणि थांबल्या. पुन्हा चावलं. जबडा सैल पडला. आबांनी चहाचा कप हवेतच धरून ठेवला होता.

"कशी झालीय?" सिसिलबायचा आवाज अगदी बारीक निघाला.

मालतीवहिनींचे ओठ हलले, पण "छान" काही बाहेर पडेना. इतक्या वर्षांत जे मिठानं झालं नाही ते साखरेनं झालं. त्यांनी नेवरी बशीत ठेवली.

"सिसिलबाई," त्या म्हणाल्या, "यंदा मीठ घालायचं राहिलं."

मी भाभीचा हात धरला. सिसिलबायनं मान थोडी पुढे केली.

"परत बोल. झुलेखाला हल्ली ऐकू येत नाही."

झुलेखाभाभीला शेजारच्या घरात सुई पडली तरी ऐकू येतं. पण ती कानामागे हात धरून बसली.

"यंदा मीठ घालायचं राहिलं," मालतीवहिनी मोठ्यानं म्हणाल्या, ओटीवर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं. "इतकी वर्षं खारट होत्या. फार खारट होत्या. आणि त्याच्या आधीच्या... त्याच्या आधीच्या मी कधी खाल्ल्याच नाहीत." आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

आम्ही सगळे सिसिलबायकडे बघत होतो. आता ती "असू दे गो" म्हणेल, हात पुढे करेल, असं सगळ्यांना वाटलं. मालतीवहिनींनाही वाटलं असणार, कारण त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. सिसिलबाय काहीच बोलली नाही. मग हळूहळू माणसं उठली, आबा गेले, भाभीनं बशा गोळा केल्या, मी चहाची भांडी घासली.

नवं वर्ष उजाडलं आणि त्याच आठवड्यात सिसिलबाय गेली. मयताच्या दिवशी गर्दीत तिचा चेहरा मला धड दिसलाच नाही, त्यामुळे मला ती आठवते ती त्या संध्याकाळची. भांडी पुसून मी घरी जायला निघाले तेव्हा मालतीवहिनी अजून तिथेच बसल्या होत्या, हात मांडीवर, तिच्या तोंडाकडे बघत, एका शब्दाची वाट बघत. आणि सिसिलबाय डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन, गालातल्या गालात हसत पडली होती.